सर, उतरलं!

परवा एका बाईंनी मला बोट लावून बघितलं.

देखावा बघायला आल्या होत्या. एका हातात भडंगाचा पुडा, कडेवर पोरगं. मी पुठ्ठ्याच्या बोरीबंदरशेजारी बांबू धरून, मान वर करून, वायरीकडं टक लावून उभा होतो. त्यांनी माझ्या दंडात बोट टोचलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ह्या पुतळ्याचं कातडं कसलं खऱ्यावाणी केलंय बघा!" मी "ओ ताई" म्हटलं मात्र, कडेवरच्या पोरानं जे भोकाड पसरलं ते पार हरभट रोडला ऐकू गेलं असेल. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "बोलतोय पण की!" बाईंनी माफी वगैरे मागितली नाही. उलट मलाच म्हणाल्या, "मग मधनंमधनं हलत जावा की जरा. माणसं दचकतात."

विसर्जन होऊन गेलं, मांडवाचे बांबूही परत गेले. दंडातली ती टोचणी मात्र अजून गेली नाही.

तर झालं असं, की यंदा आमच्या मंडळानं 'जुनी मुंबई' नावाचा हलता देखावा केला. सांगलीच्या गणपतीत मुंबई कशाला, आपला आयर्विन पूल करा, 1929 चा, दगडी, दिसायलाही देखणा, असं मी बैठकीत सुचवलं होतं. पूल हलत नाही, या एका मुद्द्यावर ठराव पडला. मग ट्राम ठरली. आणि मी हायस्कूलला सायन्स शिकवतो, एवढ्या भांडवलावर "सर, वायरीचं तेवढं तुम्ही बघा" असंही ठरलं.

खरं म्हणजे प्लायवूडच्या त्या ट्रामच्या पोटात एक बॅटरी ठेवली असती तर काम भागलं असतं. पण अध्यक्ष म्हणाले, "करंट वरनंच पाहिजे सर. ठिणगी दिसली पाहिजे पब्लिकला." मग लंबगोल रुळांच्या डोक्यावर तांब्याची वायर ताणली. स्कूटरच्या बॅटरीचं एक टोक वायरीला, दुसरं रुळाला. ट्रामच्या टपावर जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळीचा दांडा, त्याच्या बुडाला सायकलच्या स्टँडची स्प्रिंग, आणि शेंड्याला कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवर काढून आणलेलं पितळी चाक. पाचाच्या नाण्याएवढं. दोन्ही कडा उंच, मधे खाच. स्प्रिंग दांड्याला वर रेटणार, चाक वायरीला खालून चिकटून फिरणार आणि वायर त्या खाचेत बसणार.

बसणार, हे फळ्यावर. मांडवात ती बसत नाही.

सरळ रुळावर सगळं गुण्यागोविंदानं चालतं. भानगड वळणावर. रूळ गोल वळतो, पण वायर काही गोल वळत नाही. ती एका लटकणापासून, म्हणजे जिथं तिला वरून टांगलीय तिथून, दुसऱ्या लटकणापर्यंत सरळच धावते आणि प्रत्येक लटकणाशी कोन करते. चाक स्वतःच्या आसाभोवती फिरतं, पण त्याला मान वळवता येत नाही. मग त्याची एक कड वायरीला घासायला लागते, हळूच वर चढते, आणि खट्! वायर खाचेबाहेर. सुटलेला दांडा शाळा सुटल्यावर पोरं सुटतात तसा वर जातो, वायर ताणून धरलेल्या दोऱ्यांत घुसतो आणि सगळा संसार खाली ओढायला बघतो. मग पुढच्या रांगेतली पोरं एका सुरात ओरडतात, "सर, उतरलं!" मग मी बांबूच्या टोकाच्या आकड्यानं दांडा खाली ओढायचा, पितळेचं ते एवढंसं चाक तांब्याच्या त्या एवढ्याशा तारेखाली आणायचं आणि श्वास रोखून सोडायचं. डोळे वर, तोंड उघडं. त्यामुळं पुतळ्यासारखा दिसत असेन, नाही म्हणत नाही. पण म्हणून बोट टोचायचं?

तर तात्या.

तात्या आमच्या गल्लीतले. लहानपणी काही वर्षं परळला मामांकडं होते. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला गेली, तोवरच्या ट्रामा त्यांनी पाहिलेल्या. एवढ्या पुण्याईवर त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मांडवात पुढ्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली ती अनंत चतुर्दशीलाच उचलली. डोक्याला कानटोपी, गालात तंबाखू, हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हे, माझ्याकडं रोखायला.

"मास्तर, ढिलं हाय. आवळा."

मी स्प्रिंग आवळली. चाक वायरीला एवढं रेटायला लागलं की लटकण आलं की धक्क्यानं बाहेर.

"लई आवळलासा. ढिलं करा."

ढिलं केलं. आता चाक वायरीला नुसतं हुंगायला लागलं. ठिणग्या भरपूर, ट्राम जागच्या जागी. अध्यक्ष ठिणग्यांवर खूश. तात्या नाखूश.

"मास्तर, आमच्या टायमाला ट्राम वायरीवरनं कधी उतरली न्हाई."

"कधीच नाही?"

"कधीच न्हाई. रोज बघत हुतो की. मामाच्या खिडकीतनं."

आता हे मात्र मला झोंबलं. म्हटलं, "तात्या, मग ट्रामच्या मागं त्या दांड्याला दोरी कशाला बांधलेली असायची?"

तात्यांनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. गर्दी थांबली. ट्रामही थांबली होती, पण ती नेहमीचीच.

"दोरी व्हय? ती घंटीची."

"घंटी तर पुढं ड्रायव्हर पायानं वाजवायचा."

"ती पुढची. माणसास्नी बाजूला सारायला. ही मागची."

"मागची कुणासाठी?"

"मागनं येणाऱ्या ट्रामंला कळाय नको?"

"बरोबर आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दोनचार माना हलल्या. मी बांबू घेऊन उभा. बांबू हातात असलेल्या माणसाचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी मी वर्गात खडू हातात घेऊन बोलतो.

दोरी असते ती दांड्यासाठीच. चाक वायरीवरून उतरलं की कंडक्टरनं खाली उतरायचं, दोरी धरायची आणि मान वर करून चाक पुन्हा बसवायचं. ट्रामच्या पोटातले दिवेही त्याच वायरीवर. म्हणजे रात्री चाक उतरलं की आत अंधार, बाहेर हा बिचारा आभाळात तार शोधतोय. अमेरिकेत तर टवाळ पोरांनी मुद्दाम दोरी ओढून पळायची खोड होती. पुढं त्यांनी दोरी गुंडाळणारा स्प्रिंगचा डबा मागं बसवला, दांडा उसळला रे उसळला की डबा त्याला खाली खेचून धरणार. चाकाच्या जागी मान वळवू शकणारा, खाचेचा, घसरत जाणारा बूट आला तोही ह्याच जाचापायी. इतका पैसा आणि इतकं डोकं माणसं काय कधीच न उतरणाऱ्या चाकासाठी खर्च करतील?

आणि हे चाक खालून रेटायची कल्पना तरी सुखासुखी आलेली नाही. त्याआधी वायरींच्या वरून पळणारा एक छोटा गाडा असायचा, ट्राम त्याला केबलनं मागं ओढत न्यायची. तो पडायचा. वरून. पडला की कुठं पडत असेल याचा विचार करा. स्प्रिंगच्या दांड्याचं तंत्र फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरनं रिचमंड शहरात 1888 मध्ये मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवलं आणि मग जगभर विजेच्या ट्रामा निघाल्या. आपल्या मुंबईत 1874 पासून घोडे ट्राम ओढायचे, विजेची आली 1907 मध्ये. घोड्यांचं एक बरं होतं. ते वायरीवरून उतरत नसत.

हे सगळं मी एका संध्याकाळी चाक बसवता बसवता सांगितलं. ऐकत होता एक आइस्क्रीमवाला. तो म्हणाला, "सर, इथं गाडा लावला तर चालंल का?"

मी म्हटलं होतं, आपणही चाक काढून बूट लावू. दोन रुपयांचं काम. तात्यांनी छत्री वर केली. "ट्रामंला चाकच पाहिजे. आम्ही बघितलंय." समितीनं तात्यांच्या बाजूनं कौल दिला. तात्यांना वर्गणी माफ आहे, हे जाता जाता सांगतो.

बाकी लोक भलतेच गुणग्राहक. चाक उतरलं की ट्राममधले दिवे जायचे, बाहुल्यांचे प्रवासी अंधारात. त्यावर एक काका बायकोला म्हणाले, "लोडशेडिंग पण दाखवलंय बघ!" दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा भाचा, ज्याच्याकडं रिमोट होता, मला विचारायला आला, "सर, ते लोडशेडिंग दर फेरीला एकदा करता येईल का?" ह्याच भाच्यानं एकदा हौसेनं ट्राम उलटी पळवली. दांडा मागं ओढला जातो तोवर ठीक असतो. उलटा रेटला की चाक वायरीशी मारामारी करतं. खऱ्या ट्रामला शेवटच्या थांब्यावर दांडा दोरीनं फिरवून दुसऱ्या दिशेला घ्यावा लागे तो ह्याचसाठी. आमचा दांडा फिरवायला वेळच मिळाला नाही. वायर, लटकणं आणि महिला समितीनं कुणालाही न विचारता त्याच वायरीला बांधलेलं झेंडूचं तोरण एकदमच खाली आलं. महिला समितीनं मला विचारलं, "तोरण कुणी तोडलं?" भाचा तोवर भजी खायला गेला होता.

पण खरा घात केला शेजारच्या गल्लीतल्या डीजेनं. त्याचं धाडधाड सुरू झालं की आमच्या लाकडी खांबांना कापरं भरायचं, वायर थरथरायची आणि चाक गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारायचं. इथं मला विनोद सुचत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून कागदावर आहे. सणाला काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, तीसुद्धा कागदावर दिवस मोजूनच. आवाज किती असावा तेही लिहिलेलं आहे. आमच्या खिडक्यांच्या काचा मात्र ते वाचत नाहीत. माझी आई कानात कापूस घालून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसली होती, कारण तिथं म्हणे कमी धडधडतं. सांगायला गेलो तर डीजेशेजारी नाचणाऱ्यांत माझे तीन विद्यार्थी. त्यांनी आदरानं पायाला हात लावला आणि म्हणाले, "सर, या की!" वर्गणीची पावती त्या गल्लीचीही फाडलीय मी. म्हणजे माझं चाक माझ्याच पैशानं उतरत होतं.

शेवटच्या आठवड्यात एका लोकल चॅनेलचा पोरगा कॅमेरा घेऊन आला. मी बांबूसकट सावरून उभा राहिलो. तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." आणि माइक तात्यांच्या तोंडापुढं.

"ही ट्राम एवढी व्यवस्थित कशी काय चालते?"

तात्यांनी कानटोपी काढली. केसांवरून हात फिरवला. मग कॅमेऱ्याकडं न बघता, लांब कुठंतरी परळच्या दिशेनं बघत म्हणाले, "त्याला नजर लागते."

तेवढ्यात उतरलं. मी फ्रेमच्या बाहेरून बांबू घातला. मुलाखतीत माझा बांबू दिसतो. मनगटापर्यंत मीही दिसतो.

देखाव्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मंडळानं फ्लेक्स लावला. अध्यक्षांचा फोटो, भाच्याचा गॉगल घातलेला फोटो, 'विशेष मार्गदर्शन' म्हणून तात्या. खाली बारीक अक्षरांत सहकार्य करणाऱ्यांची यादी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. यादीच्या शेवटी 'व इतर' आहे. त्यात मी आणि तो आइस्क्रीमवाला.

काल हिशोबाची बैठक झाली. चहा आला, हिशोब काही आला नाही, आणि पुढच्या वर्षीचा विषय निघाला. मी गप्प होतो. तात्या म्हणाले, "ट्रॉलीबस करू. मुंबईत हुती. मी बघितलीय."

होती, हे खरं आहे. 1962 ते 1971. तिला रबरी टायर, म्हणजे करंट परत जायला रूळ नाहीत. म्हणून वर दोन वायरी. टपावर दोन दांडे.

"दोन दांडे?" अध्यक्षांचे डोळे चमकले. "म्हंजे ठिणग्या डबल."

"आन् ती बी कधी उतरली न्हाई," तात्या.

मी म्हटलं, "अध्यक्ष, दोन दांडे उतरले तर बांबूला माणसं किती देणार?"

अध्यक्षांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "सर, माणसं कशाला? हात दोन हाईत की तुम्हाला."