काका, अण्णा नाटक करत नाहीत

काका, तुमची कमेंट वाचली. राग नाही आला, पण उत्तर द्यायलाच पाहिजे. तुम्ही म्हणता, बापाचा हात धरून न्यायचं सोडून मी घरात जमिनीला पट्ट्या चिकटवल्यात आणि या वयात त्यांना कवायत करायला लावतेय. आणि दुसरं म्हणजे जो माणूस संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारतो तो नेमका बाथरूमच्या दारातच कसा अडतो, म्हणजे यात निम्मं मनाचंच आहे.

दुसरं आधी घेते. माझ्या वडलांना, अण्णांना, पार्किन्सन हा मेंदूचा आजार आहे, आणि "मनाचं आहे" हे पार्किन्सनच्या पेशंटला घरच्यांकडूनच ऐकावं लागतं आणि ते फार लागतं हो. जेम्स पार्किन्सननं १८१७ साली हा आजार लिहिला तेव्हाच पुढं वाकून पळत सुटल्यागत चालणं त्यानं नोंदवलंय, आणि बुद्धी शाबूत राहते असंही. (स्मरणाचा त्रास पुढं काहींना होतो, पण पाय अडणं हे सोंग नव्हे.) मेंदूतल्या डोपामिन (हालचाल नीट व्हायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि पाऊल टाकताना आपल्याला विचार करावा लागत नाही ना, ते जे आपोआप होतं तेच बिघडतं. मग दार, उंबरठा, बोळ, वळण, घाई असं काही आलं की पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, अंग पुढं जातं आणि पाय मागंच राहतात. मोकळ्या अंगणात हे कमी होतं. त्यात लेव्होडोपाचा, म्हणजे या आजारावरच्या गोळीचा, असर उतरत आला की मघाशी चालणारा माणूस खुर्चीतून उठेना होतो.

आता पट्ट्या. आमचं गावभागातलं जुनं घर, प्रत्येक खोलीला उंबरठा, स्वयंपाकघराकडं जायचा बोळ अरुंद. तिथं मिरजेच्या फिजिओनं सांगितल्याप्रमाणं पिवळ्या पट्ट्या आडव्या लावल्यात, अण्णांच्या पावलाच्या अंतरानं. पट्टी ओलांडायची म्हटलं की ते लक्ष देऊन पाऊल उचलतात, आणि लक्ष देऊन टाकलेलं पाऊल बऱ्याचदा निघतं. आवाजाचंही तेच. अण्णा आयुष्यभर वारी केलेले, दारात अडले की मी खेचत नाही, थांबते, त्यांना वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगते आणि हळू "ज्ञानबा तुकाराम" सुरू करते, ते पावली टाकल्यागत गुडघा वर घेतात आणि उंबरठा पार. याला कवायत म्हणा, पण चालतात ते स्वतः, आणि तेवढ्यानं त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला बघायचं असतं.

हात धरायला माझा विरोध नाही. पण अडलेल्या माणसाला पुढून ओढलं की अंग येतं, पाय येत नाहीत, तो तोंडावर पडतो, आणि या वयात खुबा मोडला तर काय होतं ते आपण सगळ्यांनीच कुणाच्या ना कुणाच्या घरी बघितलंय. तुम्हीच लिहिलंय की थोरल्या भाऊंना हाच आजार आहे आणि तुम्ही दोघं दोन्हीकडून धरून नेता, म्हणून खरं तर एवढं लांब लिहितेय.

भाऊ अडले की सगळ्यांनी एकदम बोलू नका, "चला चला" तर अजिबात नको, घाईनं जास्त अडतं. चालताना फोन, गप्पा, हातात तांब्या नको. जागेवर गर्रकन वळवू नका, मोठा वळसा घेऊ दे. सकाळी उठल्या उठल्या उभं करू नका, थोडं काठावर बसू दे, या आजारात उठल्यावर बीपी एकदम खाली येऊ शकतं. पाय कधी अडतात आणि गोळी कधी घेतली ते एका वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस किंवा वेळ स्वतः बदलू नका. डाळ-दूध गोळीबरोबर घेतलं तर काहींना तिचा असर कमी होतो, तेही विचारा.

आम्ही अण्णांना गणपतीच्या देवळात गर्दी नसताना सकाळी लवकर नेतो, गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत. भाऊंनाही अशी एखादी वेळ असेल, ती शोधा. आणि घरातली सगळी पायपुसणी आजच उचला.