थरथरणारे डोंगर : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की नुसत्या ‘धन्यवाद’वर बोळवण करणं बरं दिसणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमच्या हरकती आधी सांगतो. हिब्रू स्तोत्रांतला (म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्रांतला) डोंगर म्हणजे देवाचं स्थैर्य, हा सरळ अर्थ सोडून माझ्या लेखात मी ‘तिथले डोंगर घाबरट आहेत’ असं काहीतरी चमकदार लिहिलं. सियोन (यरुशलेमेतली मंदिराची टेकडी) आणि सीनाय (जिथे मोशेला देवाच्या आज्ञा मिळाल्या तो डोंगर) म्हणजे त्यांचे मेरू-कैलासच, हे मान्य करायचं मी टाळलं. आणि इस्राएलचा राजा दावीद याच्या विलापगीताला ‘डोंगरावर काढलेला राग’ म्हणणं उथळपणाचं आहे.

आधी स्थैर्याचं बघू. 36व्या स्तोत्रात देवाचा न्यायीपणा मोठ्या पर्वतांसारखा आहे, 125व्यात यरुशलेमेभोवती जसे डोंगर तसा देव आपल्या लोकांभोवती. तुम्ही दिलेले हे दोन्ही दाखले बिनतोड आहेत. पण तिथेच थांबायचं तर बाकीच्या पसाऱ्याचं काय करायचं? 97व्या स्तोत्रात डोंगर मेणासारखे वितळतात. बायबलमधल्या दबोरा या स्त्रीचं गीत हिब्रू काव्यातल्या सर्वांत जुन्या रचनांपैकी मानलं जातं, त्यातही ते देवापुढे कापतात. 114व्यात तर डोंगर एडक्यांसारखे उड्या मारतात, टेकड्या कोकरांसारख्या बागडतात, आणि कवी त्यांना चक्क विचारतो, अरे, तुम्हाला झालंय तरी काय? (हे स्तोत्र वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री म्हणतात, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांतही.) मी ‘घाबरट’ म्हणालो ते अशा ओळींवरून.

तुमच्या आणि माझ्या दाखल्यांत मला भांडण दिसत नाही. माणसाच्या नजरेत डोंगराइतकं पक्कं काही नाही, म्हणून तर कवी त्यालाच हलवून दाखवतो. यशया या संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) ग्रंथात, 54व्या अध्यायात देव म्हणतो, डोंगर हलतील, टेकड्या ढळतील, पण माझी माया ढळणार नाही. डोंगर मुळात पक्का नसता तर या बोलण्यात काय दम उरला असता?

‘मी डोंगरांकडे डोळे लावतो’ या 121व्या स्तोत्राला मी उगाच गुंतागुंतीचं केलं, असं तुम्ही म्हणता. हे 120 ते 134 या पंधरा आरोहण-स्तोत्रांपैकी एक. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची गाणी, असं सहसा समजतात. यात्रेकरू वर बघतो, मदत कुठून येणार म्हणून विचारतो, आणि लगेच उत्तर देतो, आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वराकडून. डोंगराकडून येईल असं तो म्हणत नाही. त्या काळी टेकड्यांवर काय काय होतं तेही ध्यानात घ्या. उच्चस्थानं, म्हणजे टेकडीवरची पूजेची ठिकाणं होती, वेद्या होत्या, उभे केलेले दगड होते. होशेय हा संदेष्टा चिडून म्हणतो की हे लोक डोंगरमाथ्यावर, ओक वृक्षांखाली यज्ञ करतात, कारण तिथली सावली चांगली असते! (संदेष्ट्याच्या रागात हा सावलीचा तपशील आला, याची मला फार गंमत वाटते.) यिर्मया हा दुसरा संदेष्टा टेकड्यांवरच्या गोंगाटाला सरळ फसवणूक म्हणतो. इ. स. पू. सातव्या शतकात योशिया राजाने अशी स्थानं भ्रष्ट करून मोडून टाकल्याचं राजांच्या इतिहासात आहे. हे सगळं माहीत असलेल्या माणसाची नजर डोंगराकडे निव्वळ भक्तीने गेली असेल, हे मला पटत नाही. कोणी त्यात वाटेवरच्या धोक्याची भीती वाचतात, तेही चालेल. पण ‘डोंगर म्हणजे आधार’ एवढ्यावर हे स्तोत्र भागत नाही.

आता मेरू-कैलास. तुलना करायचीच तर इतक्या लांब कशाला जायचं? शेजारीच सफोन आहे. आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवरचा जबल अक्रा तो हाच, समुद्रकाठावरून थेट 1,700 मीटरच्या वर उठलेला. 1929 पासूनच्या उत्खननात उगारित या प्राचीन शहरात मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत तो बआल देवाचं घर आहे. 48वं स्तोत्र त्याच सफोनचा मान सियोनला देतं. आणि सियोन केवढा? मंदिराची टेकडी साधारण 740 मीटर, समोरचा जैतुनांचा डोंगर तिच्याहून उंच. उत्तरेकडच्या हर्मोन डोंगराचं तर नावच नको, 2,814 मीटर. कवींना हे दिसत होतंच. 68व्या स्तोत्रात बाशान प्रदेशातल्या अनेक शिखरांच्या डोंगराला टोमणा आहे की देवाने राहायला निवडलेल्या डोंगराकडे तू असा जळफळून का बघतोस? धाकट्याला पाट मिळाला म्हणून थोरला रुसावा, तसं हे चित्र आहे. यशयाचा दुसरा अध्याय सांगतो की परमेश्वराच्या मंदिराचा डोंगर शेवटच्या दिवसांत सगळ्यांत उंच होईल. होईल म्हणतो, आहे म्हणत नाही. मेरू मुळातच विश्वाच्या मध्यावर उभा आहे. सियोनची उंची अजून यायची आहे. माझ्या लेखी हा फरक बारीकसारीक नाही. सीनायबद्दल एवढंच की तो नेमका कोणता, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि यहुदी परंपरेत तिथे यात्रेची प्रथा रुजली नाही. कैलासाबद्दल असं म्हणता येईल का?

राहिला गिलबोवा, दावीदाच्या विलापगीतातला डोंगर. इस्राएलचा राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान त्या डोंगरावर पलिष्टी या शत्रूंशी लढताना पडले. त्यावर दावीद म्हणतो, गिलबोवाच्या डोंगरांनो, तुमच्यावर ना दव पडो ना पाऊस, कारण तिथे वीरांची ढाल विटाळली, शौलाची ढाल तेल न लावता पडली आहे. तेल लावलेलं चामडं चिवट राहतं. ही ढाल आता कोणी हातात घेणार नाही म्हणून तशीच पडली आहे. इतक्या जवळून बघणारा माणूस शाप देतो तो डोंगराला. मारणारे पलिष्टी, त्यांच्याबद्दल तो एवढंच म्हणतो की ही बातमी गथ या त्यांच्या शहरात सांगू नका, नाहीतर त्यांच्या मुली आनंद करतील. डोंगराने काही केलेलं नसताना राग त्याच्यावर निघतो, आणि तसा तो निघतो म्हणूनच ते गीत मला खरं वाटतं. तुम्हाला यात उथळपणा दिसत असेल तर आपले मतभेद राहू द्यात. माझं वाक्य मी बदलणार नाही.

कळावे.