खुलासा: कमी वाफ म्हणजे कच्चं डांबर नव्हे

‘माल धुरकट, गरमागरम नसेल तर ठेकेदाराने डिझेल वाचवलंय, पहिल्या पावसात रस्ता उखडेल’ असा मेसेज फिरतोय. वॉर्म मिक्सच्या, म्हणजे नेहमीपेक्षा कमी तापमानात बनवलेल्या डांबर-खडीच्या मिश्रणाच्या बाबतीत हे खरं नाही.

व्हीजी-30 (रस्त्याच्या डांबराची एक प्रत) वापरून केलेला नेहमीचा हॉट मिक्स, म्हणजे गरम मिश्रण, 150 ते 165 अंशांवर तयार होतो, आणि अंथरताना किमान 140 अंश लागतात. वॉर्म मिक्समध्ये रसायन घालून किंवा पाण्याने डांबर फेसाळवून साधारण 30 अंश कमी तापमानातही खडीवर पूर्ण लेप बसतो. प्लांटमध्ये इंधन कमी जळतं, म्हणून कार्बन उत्सर्जन घटतं. मजुरांच्या नाकात धूरही कमी जातो, जे आम्हाला तितकंच मोलाचं वाटतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी:एसपी:101 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना आहेत.

धोका आहे तो ओल्या खडीचा. कमी तापमानात ओल पूर्ण उडाली नाही तर डांबर खडीला सोडतं. म्हणून खडीचा साठा झाकलेला हवा. साधा हॉट मिक्स थंड होऊन आला असेल, तर तक्रार रास्तच आहे.

वाफेवरून ठरवू नका. मिक्सचा प्रकार, ट्रकमधलं तापमान आणि रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याची (कोअर) घनता विचारा. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.