50 टक्के एनसीबी म्हणजे गाडी ठोकलेली नाही, असं नव्हे

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला कुणी ना कुणी एक मेसेज पाठवतंच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विम्यावर 50 टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) असेल, आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) स्वच्छ असेल आणि एअरबॅग जागेवर असतील, तर गाडीला कधीच अपघात झालेला नाही. आणि कुठेही रंग मारलेला दिसला, तर ती गाडी घेऊच नका. माझ्या भाच्याने याच मेसेजच्या भरवशावर टोकन द्यायची तयारी केली होती, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी एनसीबी. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली की तो नव्या गाडीच्या विम्यावर आणता येतो, त्यामुळे वर्षभराच्या गाडीवरही 50 टक्के दिसू शकतो. शिवाय बोनस जाऊ नये म्हणून दुरुस्ती रोखीने करून घेणारे कितीतरी लोक असतात. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर घेतलं असेल तर क्लेम करूनही बोनस टिकतो. एनसीबीवरून फार तर मालकाचा हिशेब कळतो, पत्र्याचं काय झालं ते नाही.

दुसरं, आरसी. आरसीवर मालक, कर्जाचा बोजा, इंजिन आणि चेसी नंबर असतो. अपघात आणि दुरुस्तीसाठी तिथे रकानाच नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि मोडलेली गाडी पुढे विकली जाते. तिची नोंदणी रद्द झाली नाही, तर डेंटिंग-पेंटिंग होऊन तीच गाडी तशाच स्वच्छ आरसीवर पुन्हा बाजारात उभी राहते.

एअरबॅगचं उत्तर सोपं आहे. पुढच्या एअरबॅग समोरच्या जोरदार धडकेत उघडतात, मागून ठोकल्यावर नाही. त्यापेक्षा चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, ते बघा. लागलाच नाही, तर कुणीतरी त्याच्याशी खेळलेलं असू शकतं.

आता रंग. या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण त्यापायी लोक चांगल्या गाड्या सोडतात. पुण्यातल्या दुचाक्यांच्या गर्दीत चार वर्षं चाललेल्या गाडीचा बंपर किंवा एखादं दार रंगवलेलं नसेल तरच नवल. रंगाची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर असेल तर कारखान्याचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन भरतो, पुट्टी असेल तिथे आकडा कितीतरी पट चढतो. बंपर प्लास्टिकचा, तिथे हा मीटर चालत नाही. पण रंगवलेलं दार म्हणजे मोडलेली गाडी नव्हे. बघायचा तो सांगाडा: पिलर (छत पेलणारे खांब), अ‍ॅप्रन (बॉनेटखालचा दोन्ही बाजूंचा आतला पत्रा), डिकीचा तळ.

भाच्याला आवडलेली हॅचबॅक बाहेरून आरशासारखी होती. आम्ही डिकीतला गालिचा उचलला आणि स्टेपनी बाहेर काढली. खड्ड्याच्या तळाला पत्र्यावर बारीक सुरकुत्या होत्या आणि सांध्यावर सीलंट बोटाने फासल्यासारखं ओबडधोबड. मग डिकीच्या कडेचं रबरी बीडिंग ओढलं. डाव्या बाजूला वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर, कारखान्यात पडतात तसे. उजवीकडे एकही ठिपका नाही, रंगाखाली ग्राइंडर फिरवल्याच्या रेघा. मागून जबर धडक बसून तो कोपरा कापून नवा जोडला होता. एनसीबी 50 टक्के, आरसी स्वच्छ, एअरबॅग शाबूत. मेसेजच्या हिशेबाने गाडी पास. मला मात्र मागच्या सीटवर बसणारी त्याची दोन मुलं दिसत होती.

बीडिंग ओढून बघायला दोन मिनिटं लागतात, ते परत दाबून बसवता येतं. पुढे बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टवरचा रंग पाना लागून उडालाय का, तेही बघा. मग गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवा आणि मालकाला विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास आणि सर्व्हिस सेंटरकडून कामाची यादी मागवायला सांगा. हे सगळं टोकन द्यायच्या आधी, कारण नंतर ते पैसे परत मिळवताना नाकीनऊ येतात.