हलवा!

रंकाळ्यावर फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी परवा सकाळी साडेसहाला माझ्या गाडीकडं बघून अंगठा तोंडापाशी नेला आणि मान हलवली. म्हणजे, काय ही वेळ! शेजारी सौ., मागं सासूबाई, निघालो होतो जोतिबाला, आणि माझ्या पोटात चहाचा घोटसुद्धा नव्हता. झुलत होती गाडी. पण तोंडाला डाग लागला माझ्या.

स्टिअरिंग तीन बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ताच नसायचा. चौथ्या बोटाला ती दचकून जागी व्हायची आणि सांगितल्यापेक्षा जास्त वळायची. मग मी तीन बोटं उलटं. सासूबाईंनी पंचगंगेच्या पुलावर डोळे मिटून घेतले, ते थेट डोंगरावर उघडले.

याआधी मी स्वस्थ बसलो होतो असं नाही. अलाइनमेंट केली होती. दोनदा. पहिल्यांदा संगणकावर सगळे आकडे हिरवे आले आणि गाडी होती तशीच झुलत बाहेर पडली. मग 'साहेब, टाय रॉड एंड गेलेत' म्हणून दोन्ही बाजूंचे, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे, बदलले. ते बदलले की पुन्हा अलाइनमेंट आलीच. ते खरंही आहे, चाकांचा मेळ बिघडतो. पण अलाइनमेंट बघते चाकांचे कोन. मधे कुठं काय ढिलं झालंय, ते तिच्या पडद्यावर येत नाही. हे ज्ञान मला दुसऱ्या बिलानंतर झालं, आणि ज्यांना आधीपासून होतं त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. असो. रक्तदाब वाढतो.

शेवटी उद्यमनगरातला एक मिस्त्री गाठला. त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाक डाव्या-उजव्या अंगाला धरून हिसडलं, मग वर-खाली धरून हिसडलं. आडवं हललं तर टाय रॉड, उभं हललं तर बॉल जॉईंट नाहीतर बेअरिंग. काहीच हललं नाही. गाडी खाली उतरवून तो तिच्याखाली शिरला आणि आतून आवाज आला, "सायेब, बसा आत. हलवा."

हलवा म्हटलं की मला आजवर गाजराचा आठवायचा. आता नाही आठवणार. स्टिअरिंग डावीकडं दोन बोटं, उजवीकडं दोन बोटं. पाऊण तास. माझ्या गाडीच्या दुखण्यात माझा वाटा एवढाच. घरचा पंखा बंद पडला की स्टूल धरायला मी असतो, तसंच.

आणि मग ते आजोबा. फेटा, कानात अत्तराचा फाया, शेतातल्या पंपाची जळालेली मोटार शेजारच्या दुकानात भरायला टाकलेली, ती मिळेपर्यंत रिकामे. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी बशीसारखं बांधून घेतलं ते सगळ्यांना कुस्ती दिसावी म्हणून. पण कोल्हापूरकराला बशी लागत नाही. कुठं जॅक लागला की तो कडेनं उभा राहतो आणि डाव सांगायला लागतो.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नाही, विमा विकतो. चष्म्यानं घात केला. "थांबू नगासा. हलवा. जरा जीव लावून."

"लावतोय की."

"असा व्हय? म्हस पान्हवताना ह्यापरीस जोर लागतोय."

डिकीतले जुने टाय रॉड एंड त्यांनी स्वतःच हुडकून काढले. एकाचा दांडा हातानं फिरवून बघितला. मग दुसऱ्याचा. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्ये कुणी बदलाय सांगिटलं?"

मी हलवत राहिलो.

"मास्तर, तुमच्या मनगटापरीस घट्ट हायत की ह्ये!"

चार माणसं हसली. त्यातला एक तर सायकल थांबवून हसला. त्या दोन लोखंडांचे मी तीन हजार दोनशे मोजलेत, हे मी कुणालाही सांगितलं नाही. सौ.लाही नाही.

खालून मिस्त्री म्हणाला, "रॅक, म्हंजे खालची चाकं वळवणारी पट्टी, ठीक हाय. तिथवर हिसका येतच न्हाय."

"मग वरचं बघ की लेका," आजोबा म्हणाले. "कासरा हातात हाय, येसण बैलाच्या नाकात हाय. मधली गाठ सुटली आसंल."

एवढं बोलून ते शेजारच्या सीटवर आले, माझ्या गुडघ्यावर हात टेकून पेडलच्या वर वाकले आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या जॉईंटवर बोट ठेवलं. "हलवा." हलवलं. "आणि." हलवलं. वरचा दांडा फिरत होता, खालचा विचार करून फिरत होता. कट् कट्. मला वाटत होतं तो आवाज माझ्या खांद्याचा आहे.

जॉईंटचा क्रॉस, म्हणजे दोन दांड्यांना जोडणारा फुलीसारखा तुकडा, झिजला होता. दीड तासाचं काम, आणि पैसे एका अलाइनमेंटपेक्षा थोडेसेच जास्त. गाडी सरळ झाली. मिस्त्रीनं आजोबांना चहा सांगितला. मला विचारलंही नाही.

वर आजोबांना एस.टी. स्टँडवर सोडायचं माझ्याकडं आलं. मोटार भरून मिळाली होती. ती डिकीत आदळंल म्हणून मागच्या सीटवर, सासूबाईंच्या जागी, पांढऱ्या कव्हरवर बसली. वाटेत दोनदा "सरळ धरा की मास्तर" झालं. गाडी सरळच होती.

ग्रीसचा डाग रॉकेलनं फिका झालाय, गेला नाही. येत्या रविवारी पुन्हा जोतिबाला जायचंय आणि सासूबाईंनी आत्ताच विचारलंय, हे काळं कशाचं.