एपॉक्सी म्हणजे फायबर नव्हे : आधी थिनरचा डबा बाजूला ठेवा

होड्या बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींत सध्या एपॉक्सीबद्दलचा एक संदेश या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. एपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव कालवून करायचं, घट्ट होऊन लाकूड जोडणारं मिश्रण. त्यातले सल्ले थोडक्यात असे : एपॉक्सीने हात भरले तर थिनरने किंवा ॲसिटोनने धुवा, लगेच निघतं. वास येत नाही, म्हणजे हातमोजे आणि मास्क लागत नाहीत. लवकर सुकायला हवं असेल तर हार्डनर थोडा वाढवा. वरून चिकट राहिलं तर थिनरने पुसा आणि पॉलिश पेपर मारा. ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवला की वर्षभर चालतो.

हे ज्याने लिहिलं त्याचा हेतू वाईट नसणार. हा माणूस फायबरच्या कामात मुरलेला आहे, हे वाक्यावाक्यातून कळतं. कोकण किनाऱ्यावर ज्याला आपण ‘फायबर’ म्हणतो ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझिन असतं. त्याला उग्र वास असतो, त्याचा वरचा थर हवेमुळे चिकट राहतो, त्याचे ब्रश ॲसिटोनमध्ये धुतात. ही सगळी वहिवाट तिथली आहे. ती उचलून एपॉक्सीवर ठेवली की एकामागून एक चुका होत जातात.

पहिली गफलत शब्दातच आहे. पॉलिएस्टरमध्ये शंभराला एक-दोन भाग टाकतात त्या द्रवालाही आपल्या बाजारात हार्डनर म्हणतात. तो फक्त क्रिया सुरू करून देतो. म्हणून थंडीत चार थेंब जास्त, उन्हात चार थेंब कमी असं करता येतं. एपॉक्सीचा हार्डनर वेगळाच पदार्थ आहे. तो रेझिनमध्ये गुंफला जातो, चटईच्या उभ्या-आडव्या पात्यांसारखा. आडव्या पात्या जास्त घेतल्या तर त्या विणीत बसत नाहीत, मोकळ्या राहतात. वाढवलेला हार्डनर तसाच आत पडून राहतो आणि जोड कायमचा मऊ होतो. पाच भागांना एक, तीनाला एक, दोनाला एक, जे प्रमाण डब्यावर छापलं असेल तेच. ते मापाने आहे की वजनाने हेही वाचायचं, कारण दोन्ही आकडे सारखे नसतात. लवकर व्हायला हवं तर त्याच कंपनीचा जलद हार्डनर घ्यावा.

खरं तर आपल्याकडे अडचण उलटी आहे. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की मिश्रण घट्ट होण्याआधी हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो. मे महिन्यात भर दुपारी अर्धा डबा मिश्रण करून तुम्ही ब्रश शोधायला गेलात तर परत येईपर्यंत डबा हाताला चटका देतो, प्लास्टिक वाकतं, धूर निघतो. हे मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि तापलं की आणखी वेगाने तापतं. म्हणून थोडं थोडं करायचं आणि कालवून झालं की लगेच उथळ ट्रेमध्ये पसरायचं. पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते. डबा तापायला लागलाच तर तो बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवा आणि धुरापासून लांब राहा.

आता हात. या संदेशाकडे मी दुर्लक्ष करायला तयार नाही, ते या एका सल्ल्यामुळे.

पहिली होडी बांधली तेव्हा मीही हात ॲसिटोनने धूत होतो. बारा फुटी, मरीन प्लायची, तुकडे तारेने शिवून त्यांचे जोड आतून एपॉक्सीने भरायचे, अशा पद्धतीची. रोज संध्याकाळी चिंधी, ॲसिटोन आणि हात स्वच्छ. तिसऱ्या आठवड्यात मनगटांवर पुरळ आलं, मग पापण्या सुजल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी हातांकडे पाहिलं, मी काय काम करतो ते विचारलं आणि स्पष्ट सांगितलं : ॲलर्जी आहे आणि ती आता जाणार नाही. तेव्हापासून अर्धवट घट्ट झालेल्या एपॉक्सीची धूळ जरी मानेवर बसली तरी दुसऱ्या दिवशी खाज सुटते.

हे असं का होतं ते समजून घ्यायला हवं. आपल्या कातडीवर तेलाचा थर असतो. ॲसिटोन तो काढून टाकतो आणि पातळ झालेलं रेझिन-हार्डनर आत शिरायला वाट मोकळी होते. हात स्वच्छ दिसतात, कारण त्यातलं काही चिंधीवर गेलेलं असतं आणि काही तुमच्यात. शरीराने एकदा या रसायनाला शत्रू मानलं की ते विसरत नाही. कुणाला पहिल्या आठवड्यात होतं, कुणाला दहा वर्षांनी. ‘मला आजवर काही झालं नाही’ या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही.

मग करायचं काय? लागलंच तर आधी कोरड्या कागदाने पुसायचं, मग साबण आणि पाणी, किंवा गॅरेजमध्ये हाताचं ग्रीस काढायला वापरतात ती पेस्ट. त्याहून बरं म्हणजे लागूच न देणं. हातमोजे नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) घ्या, लेटेक्सचे नकोत. भरले की बदला. नायट्राइल ॲसिटोनपुढे काही मिनिटांतच हार मानतं, तेव्हा हातमोजे घालून ॲसिटोनमध्ये हात बुडवणं हेही संरक्षण नाही. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही : एपॉक्सी बहुतेक वेळा डब्यातून नाही, तर अवजारांच्या मुठींवरून लागतं. हार्डनरच्या बाटलीचं झाकण, क्लॅम्पचा स्क्रू, मोबाइल, दाराची कडी. भरलेल्या हातमोज्याने यातलं काहीही धरू नका.

वासाचं म्हणाल तर पॉलिएस्टर नाकाला आधीच बजावतं. एपॉक्सी तसं बजावत नाही, एवढंच. घासताना तर मास्क हवाच, आणि पुरतं घट्ट झाल्याशिवाय घासायलाच घेऊ नये.

चिकटपणाचा मुद्दा आपल्या हवेत फार महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात किंवा खाडीकाठच्या दमट रात्री एपॉक्सीवर सकाळी मेणासारखा, बोटाला तेलकट लागणारा थर दिसतो. हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाचा हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तो तयार होतो. हा थर पाण्यात विरघळतो. थिनरने तो निघत नाही, नुसता पसरतो. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला तर पेपर दोन हातांत गुळगुळीत होतो आणि मेण घासाच्या रेघांत दाबलं जातं. वर दिलेला रंग मग काही महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो आणि दोष रंगाला दिला जातो. गोडं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घ्या, चोळा, स्वच्छ फडक्याने टिपा, पुन्हा पाणी. सुकलं की मग पेपर. एवढ्या साध्या गोष्टीने होडीचं आयुष्य वाचतं.

हे सगळं एपॉक्सीच्या विरोधात लिहिलेलं नाही. गोव्यात दिवाडीला बांधलेली नौदलाची शिडाची होडी ‘म्हादेई’ लाकडी पट्ट्या, एपॉक्सी आणि काचतंतूंचं कापड यांचीच आहे, आणि तिच्यावरून नौदल अधिकारी अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. या पदार्थाची ताकद एवढी आहे.

ब्रशबद्दल : वाचवू नका. थिनरमध्ये ठेवलेल्या ब्रशात अर्धवट विरघळलेलं एपॉक्सी असतं आणि ते तुमच्या पुढच्या थरात उतरतं. स्वस्तातला ब्रश घ्या, केस अर्धे कापून आखूड करा म्हणजे कडक होतो, काम झालं की घट्ट होऊ द्या आणि टाका. पुष्कळदा ब्रश लागतही नाही. जुनं प्लास्टिकचं कार्ड, आइस्क्रीमच्या काड्या, गोल टोकाची पट्टी यांवर निम्मं काम होतं. कालवायला लवचीक पॉलिथिनचे डबे घ्या. दुसऱ्या दिवशी डबा दाबला की आतली चकती टक्कन सुटते. क्लॅम्पखाली पॉलिथिनचा कागद ठेवा. जोडातून बाहेर आलेलं एपॉक्सी ओलं असतानाच पटाशीसारखी धार केलेल्या काडीने काढा. राहिलंच तर हीट गनने मऊ करून खरवडा, पण जाळू नका.

पटाशी किंवा लोखंडी पट्टी एपॉक्सीने ओली असताना पुसायला व्हिनेगर चालतं, थोडं ॲसिटोनही चालतं. मात्र ते मोकळ्या हवेत आणि जवळपास विडी-चूल काही नसताना. ज्या लाकडावर पुढचा थर द्यायचा आहे तिथे व्हिनेगर लावू नका. आणि उरलेलं मिश्रण पातळ असताना गटारात किंवा खाडीत ओतू नका. उथळ डब्यात ठेवून दिलं की ते दगड होतं, मग ते कचऱ्यात जाऊ शकतं.