टप अर्ध्यात अडकला ती चूक माझी, पण गाडी डुप्लिकेट नाही

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला आणि खरं सांगतो, झोप लागली नाही. तुम्ही लिहिलंय की वहिनींना आणि मुलांना घेऊन ओहायोहून तीन तास गाडी चालवत माझ्याकडे विकायला असलेली गाडी बघायला डेट्रॉइटला आलात, त्या १९५७ च्या फोर्ड स्कायलायनरचा (बटण दाबलं की आख्खा टप डिकीत जाणारी ही जुनी गाडी) टप अर्ध्यात अडकला, डिकीत धड एक बॅग मावत नाही, टप मागाहून बसवलेला डुप्लिकेट आहे, त्याचं हायड्रॉलिक गळतंय ते मी लपवलं, आणि आपला मराठी माणूस म्हणून विश्वास ठेवला त्याचं हे फळ. ते शेवटचं वाक्य फार लागलं.

टप अडकला ती शंभर टक्के माझी चूक. हिवाळाभर गाडी उभी होती, तुम्ही यायच्या आधी सकाळी एकदा उघडमीट करून बघायला हवं होतं, मी नाही बघितलं. धाकटा मोबाईलवर शूट करत होता आणि टप मधेच हवेत थांबला, त्याचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

पण हायड्रॉलिकचं म्हणाल तर या टपाला हायड्रॉलिक नाहीच हो. सगळं विजेवर चालतं, ५७ च्या मॉडेलमधे सात मोटरी, दहा लिमिट स्विच, दहा सोलेनॉइड (मोटरींचा करंट चालू-बंद करणारे रिले) आणि ६१० फूट वायर! बटण दाबलं की आधी डिकीच्या झाकणाचं लॉक सुटतं, झाकण मागच्या बाजूला उघडतं, मग टपाची लॉकं सुटतात, टप उचलला जातो, पुढची पट्टी दुमडते, आख्खा लोखंडी टप मागे डिकीत जाऊन बसतो आणि वरून झाकण बंद. यातलं एक काम पुरं झालं की तिथला लिमिट स्विच पुढच्याला करंट देतो, आणि एकाने जरी दिला नाही तर सगळं जिथल्या तिथे थांबतं. त्या दिवशी तेच झालं, एका स्विचचे पॉइंट काळे पडले होते. जमिनीवर जे तेल दिसलं ते गिअरबॉक्सच्या पॅनच्या गॅस्केटचं, ते जाहिरातीत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, आता वर घेतलंय.

डुप्लिकेट म्हणालात ते मात्र मान्य नाही. गाडीच्या पाटीवर बॉडी कोड ५१ए आहे, तो फोर्डने या लोखंडी टपवाल्या मॉडेललाच दिला होता. १९५७ ते ५९ या तीन वर्षांत मिळून ४८,३९४ गाड्या बनल्या, मग बंदच केलं. मी हिच्यासाठी दोन वर्षं शोधत होतो, खोटी असती तर दारात उभी केली नसती.

डिकीबद्दल तुमचं बरोबर आहे. टप आत गेला की उरतो तो मधला एक डबा, त्यात एखादी छोटी बॅग, बास. नव्या गाडीलाही तेच होतं. माझ्या फोटोत टप लावलेलाच दिसत होता, त्यामुळे तुम्हाला कळणार कसं? आणि खरं तर फोनवरच मी विचारायला हवं होतं की गाडी कशाला हवीये. मुलांना घेऊन लांबच्या ट्रिपा करायच्या असतील तर मी स्वतःच सांगेन ही घेऊ नका, ही रविवारी दोघांनी फिरायची गाडी आहे.

तुमचे डिपॉझिटचे ५०० डॉलर सोमवारी परत पाठवलेत, येण्याजाण्याच्या पेट्रोलचा खर्चही मी देतो, फक्त आकडा कळवा. स्विच साफ करून सेट केलाय, त्यानंतर वीस वेळा टप उघडमीट केला, एकदाही अडकला नाही, न कापलेला व्हिडिओ पाठवलाय, डिकीचे फोटोही टाकलेत. तरी माझ्या शब्दावर घेऊ नका, तुमच्या ओळखीचा मेकॅनिक घेऊन या, रिले उघडून बघू दे, मी मधे येणार नाही. ऑगस्टमधे वुडवर्ड ड्रीम क्रूझला (इथल्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला) येणार असाल तर तेव्हा या, गाडी विकली गेली नसेल तर धाकट्याला बटण दाबू द्या. फक्त आदल्या दिवशी फोन करा, मी बॅटरी चार्ज करून ठेवतो आणि सकाळी स्वतः टप चालवून बघतो.